शून्यासकट मी

मी एक जुनी संख्या आहे, अशी सुरुवात करायची पद्धत असते. मी ती पाळणार नाही. जुने व्हायला आधी कधीतरी नवे असावे लागते, आणि मी नवी कधीच नव्हते. छत्री जुनी होते, सायकल जुनी होते, शाळेतला बाक जुना होतो. मग ती मंडळी कोपऱ्यात पडून रडगाणे गातात आणि तुम्ही त्यांच्यावर निबंध लिहिता. माझ्याकडून रडगाण्याची अपेक्षा ठेवू नका. मला गंज चढत नाही, वाळवी लागत नाही आणि कोणी मला अडगळीत टाकू शकत नाही. एकदा टाकून बघितले होते. तीच हकीकत सांगायला बसले आहे.

आधी माझी ओळख. मित्रांनो, दम धरा, नाव लांबलचक आहे. पाच जलधी, आठ शंकू, आठ महापद्म, दोन निखर्व, तीन खर्व, पाच अब्ज, एकोणतीस कोटी, एक्केचाळीस लाख, सतरा हजार सहाशे सत्तेचाळीस. धाप लागली? लागू द्या. कोटीच्या पुढे तुमची गाडी अडते, यात माझा काय दोष? पुढेही रस्ता आहे, तुम्ही तिकडे जात नाही इतकेच.

अंकांत मी अशी दिसते: ०५८८२३५२९४११७६४७.

हो, सुरुवातीला शून्य आहे, आणि ते चुकून पडलेले नाही. डावीकडच्या शून्याला किंमत नसते, हे तुम्हाला शाळेत शिकवले आहे. ते खरेही आहे. ते शून्य ठेवा किंवा काढा, माझी किंमत तसूभरही बदलत नाही. मी खोटे बोलणार नाही. पण माझी किंमत म्हणजे मी नव्हे. हा फरक ज्यांना कळला नाही त्यांनी काय घोळ घातला, ते पुढे येईलच.

मला कोणी घडवले नाही. एकाला सतराने भागायला घ्या, की दशांश चिन्हाच्या पलीकडे मी उभी असते. एकावर शून्य ठेवून दहा होतात, दहात सतरा जात नाहीत, म्हणून पहिले शून्य. मग शंभरात सतरा पाच वेळा जातात, बाकी पंधरा. मग दीडशेत आठ वेळा, बाकी चौदा. असे चालत राहायचे. सतराने भागल्यावर बाकी उरली तर ती एक ते सोळा यांपैकीच असते. माझ्या भागाकारात त्या सोळाही बाक्या येतात, प्रत्येक एकदाच. कोणी दुसऱ्याच्या पाळीत घुसत नाही, कोणी दांडी मारत नाही. शेवटी बाकी एक उरते. एकापासूनच तर निघालो होतो! मग पुन्हा शून्य, पुन्हा पाच, पुन्हा आठ. म्हणजे फिरून मीच.

या हकीकतीतल्या मावशींची आणि माझी पहिली भेट शिक्षा म्हणून झाली. तेव्हा त्या मावशी नव्हत्या, दोन वेण्यांची एक बडबडी मुलगी होती. वर्गात तिच्या तोंडाचा पट्टा बंदच होईना. गणिताच्या बाईंनी तिला फळ्याजवळ उभे केले आणि म्हणाल्या, "एकाला सतराने भाग. भाग संपला की बोलायला लाग."

भाग कधीच संपणार नाही, हे बाईंना पक्के ठाऊक होते. मोठी माणसे अशी पाताळयंत्री असतात. पोरगी मुकाट्याने भागत बसली. फळ्याची एक ओळ संपली, दुसरी सुरू झाली. आणि एकदम ती मोठ्याने हसली.

"काय झालं दात काढायला?" बाई म्हणाल्या.

"बाई, ही परत आली!"

"कोण परत आली?"

"तीच! शून्य पाच आठ आठ. पहिल्यापासून!"

"आली ना? मग अजून एकदा येऊ दे."

आणि त्या मुलीने मला आनंदाने आणखी एकदा आणले. शिक्षेवर खूश झालेले मूल बाईंनी तेव्हा पहिल्यांदाच पाहिले असावे. मला तर ती मुलगी त्याच क्षणी आवडली. लोक मला बघून कंटाळतात, घाबरतात, नाहीतर मधेच सोडून देतात. ती मला बघून हसली.

पुढे ती मोठी झाली. तिचा धाकटा भाऊ सुतार झाला. त्याचा हात असा बसलेला होता की लाकडाने ऐकलेच पाहिजे. शहरातल्या एका बागेत मुलांसाठी काहीतरी खेळणे हवे होते. भावाने लाकडी घोड्यांची चक्री बनवली आणि ती चालवण्याचा करार बहिणीने बागेशी केला. गोल फळीवर सारख्या अंतराने सोळा घोडे, प्रत्येकाच्या पाठीतून वर गेलेला लोखंडी दांडा, मध्ये मोटर आणि बाजूला ती चालू-बंद करायची मूठ. बागेत येणारी सगळी मुले तिला मावशी म्हणू लागली, म्हणून आपणही मावशीच म्हणू. भावाला म्हणू सुतारभाऊ.

पहिल्यांदा घोड्यांवर साधे आकडे होते, एकपासून सोळापर्यंत. त्याने काय व्हावे? रोज लढाई. प्रत्येकाला एक नंबरचाच घोडा हवा. एका मुलाने दुसऱ्याच्या दंडाचा असा चावा घेतला की मलमपट्टी करावी लागली. सोळाव्या घोड्यावर बसलेले मूल तर फेरीभर गळा काढून रडायचे, कारण ते शेवटचे होते. आता तुम्हीच सांगा, गोल फिरणाऱ्या चक्रीत पहिला कोण आणि शेवटचा कोण? पण आकडे तसे म्हणत होते आणि मुले आकड्यांचे ऐकत होती.

मावशींनी एके दिवशी पॉलिशपेपर घेतला, सगळ्या खोगिरांवरचे आकडे खरवडून काढले आणि निळ्या रंगाने मला लिहायला घेतले. एका घोड्यावर माझा एक अंक. सोळा घोडे, सोळा अंक.

सुतारभाऊ डोके खाजवत चक्रीभोवती फिरले. "ताई, हे काय गं? आठ दोनदा, सात दोनदा, आणि हे शून्य कशाला?"

"असू दे."

"लोक म्हणतील, सुताराच्या बहिणीला आकडे येत नाहीत."

"म्हणेनात का. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?"

मित्रांनो, मावशींनी काय केले होते ते आता नीट ऐका. मला दोनाने गुणा. उत्तर येते ११७६४७०५८८२३५२९४. तिनाने गुणा, १७६४७०५८८२३५२९४१. सोळाने गुणा, ९४११७६४७०५८८२३५२. पुन्हा बघा. अंक तेच आहेत आणि त्यांची रांगही तीच आहे. फक्त सुरुवात दुसऱ्या घोड्यापासून होते आणि गोल फिरून परत तिथेच येते. एक ते सोळा यांपैकी कशानेही गुणा, सोळा गुणाकारांना सोळा वेगवेगळे घोडे पुढे होतात. म्हणजे प्रत्येक घोडा कुठल्या ना कुठल्या गुणाकारात पहिला असतो. माझ्यात पहिलेपणाची मिरास कोणाकडेच नाही. भांडायचे कशावरून? आणि कोणी जास्तच शहाणपणा करून मला सतराने गुणले, तर मी सोळा नऊ त्याच्या तोंडावर फेकते: ९९९९९९९९९९९९९९९९. घे, मोजत बस.

अजून एक गंमत होती, आणि पुढची सगळी कथा त्या गमतीवरच उभी आहे. सोळा घोडे गोलात असले की प्रत्येकाच्या बरोबर समोर एक घोडा येतो. माझ्यात समोरासमोरचे अंक मिळवले की नेहमी नऊ होतात. पाचासमोर चार, आठासमोर एक, दोनासमोर सात, तिनासमोर सहा. आणि शून्यासमोर नऊ. मावशींनी यावरून एक रीतच पाडली. मुले बसली की त्या मूठ हातात धरून ओरडायच्या, "समोरचा कोण?" प्रत्येकाने समोरच्याकडे हात करायचा आणि त्याचा आकडा ओरडायचा. कोणी चुकला तर चक्री हलत नसे. मग मावशी सांगायच्या, "आता दांडा घट्ट धरा नि समोरच्याकडेच बघत राहा. खाली बघाल तर गरगरेल, समोरच्याकडे बघाल तर नाही." आणि खरेच, लहानातले लहान पोरही समोरच्याकडे टक लावून बसले की घाबरत नसे. एरवी एकमेकांकडे न बघणारी भावंडे मुद्दाम चार आणि पाचवर बसायची.

माझे दिवस मोठे झकास होते. एक आजोबा नातवाला घेऊन यायचे. त्यांनी माझी परीक्षा घ्यायला खिशातून कॅल्क्युलेटर काढला, तर त्या बिचाऱ्याच्या पडद्यावर मी मावेनाच. मग आजोबा बाकावर बसून हाताने गुणाकार करू लागले. साताने गुणले, अकराने गुणले आणि प्रत्येक वेळी उठून घोड्यांभोवती फिरून ताळा करून आले. शेवटी चक्रीसमोर उभे राहून त्यांनी मला चक्क सलाम ठोकला. दुसऱ्या खेपेला त्यांनी माझे अवयव शोधून आणले. मला नवाने भाग जातो, अकराने जातो, एकशे एकाने जातो. आणि माझ्या पोटात ५८८२३५३ अशी एक मूळ संख्या राहते, तिला कोणी माईचा लाल भागू शकत नाही. तिचे बळेच दोन तुकडे करा, ५८८ आणि २३५३. दोघांचे वर्ग करून मिळवा. पुन्हा तीच, ५८८२३५३! आजोबांच्या हातातून पेन गळून पडले. तोडायला गेलात तर आम्ही अशा परत उभ्या राहतो.

पण तुमच्या दुनियेत कौतुकाला नजर लागते. माझ्या बाबतीत ती लागली शून्याला.

शून्याच्या घोड्यावर बसायला कोणी राजी नसे. तो घोडा सुतारभाऊंनी सगळ्यात देखणा कोरला होता, मान किंचित वळवलेली, आयाळ वाऱ्यावर. पण खोगिरावर भोपळा! आया मुलांना खेचून दुसरीकडे न्यायच्या. "त्याच्यावर नको, परीक्षेत भोपळा मिळेल." म्हणून शून्यावर नेहमी ठकी बसायची. ठकी ही सुतारभाऊंची मुलगी. शाळा सुटली की ती आत्याकडे बागेत यायची. सगळी मुले बसेपर्यंत ती कठड्याला टेकून उभी राहायची आणि जे उरेल त्यावर बसायची. उरायचे ते शून्यच. "घरचीच आहे, तिला काय," असे सगळे म्हणायचे आणि ठकीही तसेच समजायची. मला मात्र ती तिथे बसली की बरे वाटे. मला एकाने गुणले, म्हणजे मी माझ्या स्वतःच्या रूपात उभी राहिले, की पहिला घोडा शून्याचाच असतो. ठकीला हे आत्याने सांगितले होते. तिने ते कोणाला सांगितले नाही. स्वतःशीच हसायची.

एका काकूंचे शेंडेफळ एकदा गर्दीत चुकून शून्यावर बसले. पुढच्याच आठवड्यात ते गणितात नापास झाले. वर्षभर पुस्तक उघडले नव्हते, पण खापर फुटले माझ्या शून्यावर. काकू तावातावाने बागेच्या साहेबांकडे गेल्या. तेव्हापासून शेंडेफळाला त्या धावत आणून नवावर बसवायच्या. नऊ म्हणजे सगळ्यात मोठा अंक, तिथे बसला की पोरगा हुशार होणार!

बागेचे साहेब नवीन होते. मागच्या साहेबांना चक्री फिरली की पुरे होते. यांना सगळे टापटीप हवे. ते चक्रीपाशी आले आणि म्हणाले, "बाई, ते शून्य काढून टाका. तक्रारी येताहेत."

"साहेब, ते काढलं तर सगळंच मोडेल."

"अहो, आधीचं शून्य ते! त्याला काही किंमत असते का? मी आकड्यांतच केस पांढरे केलेत, मला नका शिकवू."

"किंमत नसेल, पण जागा आहे."

"हे बघा, तुमचा करार संपत आलाय. नव्यासाठी दोघंतिघं टपून बसलेत. पंधरा घोडे करा, नाहीतर चावी माझ्या टेबलावर ठेवा."

मावशींनी काहीच उत्तर दिले नाही. त्यांचे न बोलणे म्हणजे नकार, हे मला माहीत होते. सुतारभाऊंनाही माहीत होते. म्हणून ते घाबरले. बहिणीचे सगळे या चक्रीवर होते. तिच्याजवळ दुसरे काही नव्हते.

बाग बंद असते त्या दिवशी मावशी मोटरीचा पट्टा आणायला बाजारात गेल्या होत्या. सुतारभाऊ पाना आणि ड्रिल घेऊन आले. त्यांनी शून्याचा घोडा सोडवला आणि पोत्यात गुंडाळून आपल्या दुकानात नेऊन ठेवला. परत येऊन चक्री फिरवून बघितली, तर ती लंगडू लागली. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला खिंडार. मग त्यांनी उरलेले पंधराही घोडे सोडवले, फळीला नवी भोके पाडली आणि घोडे पुन्हा सारख्या अंतरावर बसवले. काम चोख झाले. चक्री लोण्यासारखी फिरू लागली. सुतारभाऊंच्या हाताला मी नावे ठेवणार नाही. पण मित्रांनो, चुकीचे काम चोख झाले की जास्तच धोक्याचे असते. कोणाला संशयही येत नाही.

मावशी आल्या आणि कठड्यापाशीच थबकल्या.

"कुणी केलं?"

"मी," सुतारभाऊ म्हणाले. "ताई, रागावू नकोस. एका शून्यापायी स्वतःच्या पोटावर पाय आणशील? आकडा तर तोच राहिला ना? साहेब म्हणाले, किंमत बदलत नाही."

"दोनाने गुण."

"काय?"

"दोनाने गुण, नि उत्तर मला घोड्यांवर वाचून दाखव."

सुतारभाऊंनी जमिनीवर खडूने गुणाकार केला. मग जोडीने असलेल्या दोन एकांपासून वाचत निघाले. "एक, एक, सात, सहा, चार, सात..." आणि थांबले. उत्तरात पुढे शून्य होते. चक्रीवर पाच होता.

"शून्य कुठंय?" मावशींनी विचारले.

"माझ्या दुकानात."

एरवी अशा उत्तरावर दोघे पोट धरून हसले असते. त्या दिवशी मावशींनी पट्टा खाली ठेवला आणि भावाकडे पाठ करून घरी गेल्या.

आता माझे ऐका. मला काय झाले? हिशेबाने काहीच नाही. पंधरा घोड्यांवर माझी पाच जलधी आणि वरचे सगळे जसेच्या तसे होते. पण मला चीड आली होती. दुःख म्हणत नाही, चीडच. आणि ती नुसत्या शून्यासाठी नव्हती. पंधरा ही विषम संख्या. पंधरा घोडे सारख्या अंतराने गोलात लावले, की कोणाच्याच बरोबर समोर कोणी येत नाही. समोर बघावे तर दोन घोड्यांमधली फट. सुतारभाऊंनी काढला होता एकच घोडा, पण समोरचा गेला होता सगळ्यांचा.

दुसऱ्या दिवशी बाग उघडली. साहेब नव्या कराराचा कागद घेऊन स्वतः हजर होते. काकू शेंडेफळाला घेऊन सगळ्यांच्या पुढे होत्या. सुतारभाऊ पाना कमरेला लावून एका बाजूला उभे होते. मावशींनी नेहमीसारखी साखळी उघडली आणि नेहमीसारखी सोळा मुले आत घेतली. हाताची सवय, दुसरे काय. पंधरा मुले पटापट बसली. ठकी कठड्याला टेकून वाट बघत होती. सगळे बसल्यावर ती पुढे आली, गोल फिरली, पुन्हा एकदा फिरली, आणि मधेच उभी राहिली.

मावशींनी मूठ धरली. "समोरचा कोण?"

हात वर झाले. मग ते हात इकडे हलले, तिकडे हलले. कोणी डावीकडच्याला दाखवले, कोणी उजवीकडच्याला. एका लहानग्याने हात हवेतच धरून ठेवला. एकही आकडा आला नाही.

"चला, चला, सुरू करा," साहेब म्हणाले.

"साहेब, एक मूल उभं आहे."

"कुणाचं?"

मावशींनी भावाकडे पाहिले. सुतारभाऊच खाली बघत म्हणाले, "माझी आहे. घरचीच आहे."

"मग राहू दे की उभी. पुढच्या फेरीला बसेल."

ठकीने वडिलांकडे पाहिले. तिच्या आवाजात रुसवा नव्हता, रडू नव्हते. तिने फक्त विचारले, "बाबा, पुढच्या फेरीलाही पंधराच असतील ना?"

सुतारभाऊंचा चेहरा मी पाहिला. लाकडाची गाठ तासताना हत्यार अडकले की त्यांचा चेहरा तसा व्हायचा. त्यांना मान वर करता येईना.

मावशींनी मुठीवरचा हात काढून घेतला. "मी नाही चालवणार."

"करार, बाई, करार!" साहेबांनी कागद हलवला.

"ठेवा तुमच्याकडे. चावीही घ्या. ज्या चक्रीत कुणाच्या समोर कुणी नाही, ती मला चालवता येत नाही. दुसरा कुणी बघा, त्याला जमेल."

"ठीक आहे. मी चालवतो." साहेब मुठीपाशी गेले. माणूस हट्टाला पेटला होता. आणि तेवढ्यात नवाच्या घोड्यावरून शेंडेफळ खाली उतरले.

"अरे, उतरतोस काय? नऊ आहे तो! दुसरा बसेल!" काकू किंचाळल्या.

"बसू दे. मला नऊ नको."

"का नको?"

"माझ्या समोर ठकी असायची. तिच्याकडे बघितलं की मला गरगरत नाही. आता समोर नुसतं भोक आहे. मला उलटी होईल."

चार आणि पाचवरची भावंडे उतरली. लहानगा तर कधीच उतरला होता. मग एकेक करून बाकीचे उतरले. दोघे मात्र दांडा गच्च धरून बसूनच राहिले. त्यांना फुकटची जास्त फेरी मिळेल अशी आशा होती, असे लोक सगळीकडेच असतात. साहेबांनी मूठ ओढली. दोन मुले आणि तेरा रिकामे घोडे गोल फिरू लागले. इतकी बापुडवाणी चक्री मी कधी पाहिली नव्हती. कठड्याबाहेरची रांग बघत राहिली आणि एकही मूल पुढे आले नाही. अर्ध्या फेरीतच साहेबांनी मूठ सोडली.

सुतारभाऊ तोवर दिसेनासे झाले होते. ते परत आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर शून्याचा घोडा होता. घामाने शर्ट अंगाला चिकटला होता. घोडा त्यांनी गवतावर ठेवला आणि कमरेचा पाना काढला.

"साहेब, जरा बाजूला व्हा. पुन्हा सोळा करायचेत."

"कुणाच्या परवानगीने?"

"चक्री मी केलीय. चूकही मीच केलीय. ती दुरुस्त करायला परवानगी कशाला लागते?"

मावशी खाली बसल्या आणि एकेक बोल्ट धरून देऊ लागल्या. कोणता बोल्ट कुठे, हे बहीण-भावाला एकमेकांना विचारावे लागत नव्हते. पहिली सोळा भोके जागच्या जागी होती. नव्या पंधरा भोकांत सुतारभाऊंनी लाकडी खुंट्या ठोकल्या. त्या अजून दिसतात. मी त्या झाकू देणार नाही. सगळ्यांनी बघाव्यात.

साहेबांनी पुष्कळ आरडाओरडा केला. पण रांग हलली नाही आणि काकूही हलल्या नाहीत, कारण शेंडेफळ हलायला तयार नव्हते. रिकामी चक्री कोणत्या साहेबाला परवडते? त्यांनी तोंड वाकडे करून कागदावर सही केली. आपली बाजू राखायला तिकिटाच्या खिडकीवर एक पाटी मात्र लावली, 'शून्य क्रमांकाच्या घोड्यावर बसण्याची सक्ती नाही.' झाले! जे सक्तीचे नाही ते मुलांना हवेच असते. आता शून्यासाठी रांग लागते.

पण त्या संध्याकाळी पहिल्या फेरीला मावशींनी कोणालाच रांगेतून घेतले नाही. आधी ठकीचा हात धरून तिला शून्यावर बसवले. ती उरली म्हणून नव्हे. सगळ्यांच्या आधी. मग बाकीचे बसले. "समोरचा कोण?" मावशींनी विचारले. ठकी "नऊ!" म्हणाली, हळूच. आणि समोरून शेंडेफळाने बेंबीच्या देठापासून ओरडून उत्तर दिले, "शून्य!" काकूंनी कानांवर हात ठेवले.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी विनवणी करायची असते. 'आमची निगा राखा, आम्हाला विसरू नका.' मी हात जोडणार नाही. चक्री एक दिवस मोडेल, रंग उडेल, सुतारभाऊंचे देखणे घोडे सरपणाला जातील. मला काहीही होणार नाही. कागद नसला तर जमिनीवर काडीने एकाला सतराने भागा, मी पहिल्या शून्यासकट तिथे हजर असेन. माझी काळजी तुम्ही करू नका.

पण तुमच्या वर्गात, तुमच्या घरात, तुमच्या खेळात कोणीतरी असे असेल की सगळे बसेपर्यंत जे उभे राहते. त्याला काय किंमत आहे, असे म्हणून त्याला काढायला निघालात, तर माझ्याशी गाठ आहे. काढू नका. आणि काढायचेच असेल, तर त्याच्या समोर बसलेल्याला काय सांगणार आहात, ते आधी ठरवा.